कनूतून कालवा: निवांतपणा फुकटात येत नाही!

आज आपण जाऊ इंग्लंडच्या केनेट अँड एव्हन कालव्यावर, कनूतून. कनू म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी.

कालव्याला नदीसारखी ओढ नसते, म्हणून नवख्यालाही जमतं. पण वाटेत चढ आला तर? त्यासाठी असतात लॉक, म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला हौद. होडी आत घ्यायची, खालचं दार लावायचं, वरच्या बाजूचं पाणी आत सोडायचं. हौद भरतो, होडी आपोआप वर! डिव्हाइझेस गावाजवळ असे 29 लॉक आहेत. एकूण चढ सुमारे 72 मीटर. कनूवाले मात्र सहसा होडी उचलून काठाने चालतात. म्हणून मला विचाराल, तर वूटन रिव्हर्स ते डिव्हाइझेस हा टप्पा घ्या. जवळपास 24 किलोमीटर, मध्ये एकही लॉक नाही.

1810 मध्ये हा कालवा पूर्ण झाला. मग रेल्वे आली, मालवाहतूक तिकडे गेली आणि कालवा गाळात रुतत गेला. तो वाचला कशामुळे? लोकांनी वर्षानुवर्षं श्रमदान केलं, पैसे जमवले. 1990 मध्ये तो पुन्हा खुला झाला. आज तिथे जे संथ पाणी दिसतं ना, ते कुणीतरी गाळ उपसला म्हणून आहे.

तुमच्या गावचा कालवा कसा आहे? नक्की कळवा!