कबुलीजबाब आणि धर्मसंस्था

चारकोपच्या सेक्टरांतून रोज सकाळी कांदिवली किंवा बोरिवली स्थानक गाठणाऱ्या चाकरमान्यांना ११ जुलै २००६ या तारखेची ओळख करून द्यावी लागत नाही. त्या सायंकाळी माटुंग्यापासून मीरा रोडपर्यंत पश्चिम रेल्वेच्या सात लोकलगाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत स्फोट झाले, त्यांपैकी एक बोरिवलीस, आणि १८० हून अधिक उतारू प्राणांस मुकले. एवढ्या घोर अपराधाचा छडा लागावा ही लोकेच्छा सर्वथा न्याय्य होती. परंतु तो छडा कोणत्या साधनाने लावला गेला, हा प्रश्न न्यायासनापुढे वर्षानुवर्षे जागता ठेवण्याचे काम एका धर्मसंस्थेने केले, हे उपनगरांतील वाचकांस फारसे ज्ञात नाही.

पोलिसांच्या हाती आरोपीची जबानी सोपवण्यातला धोका आपल्या कायद्याला फार पूर्वीच कळला होता. मद्रास इलाख्यात सारावसुलीसाठी आणि चौकीवर रयतेचा कसा छळ होतो, याचा अहवाल १८५५ साली एका सरकारी आयोगानेच दिला होता. पुढे १८७२ च्या पुरावा कायद्याने पोलिसांसमोरचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध अग्राह्य ठरवला. महाराष्ट्राच्या १९९९ च्या मोक्का कायद्याने त्याला अपवाद केला आणि पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरिष्ठ दर्जाच्या अंमलदाराने नोंदवलेली कबुली पुरावा म्हणून ग्राह्य झाली. स्फोटांच्या खटल्यास हाच कायदा लागला. कबुल्या मारहाणीने घेतल्या, अशी कैफियत आरोपींनी मांडली. तरीही २०१५ साली विशेष न्यायालयाने बारा जणांस दोषी ठरवून पाच जणांस फाशी व सात जणांस जन्मठेप सुनावली.

या आरोपींमागे उभी राहिली ती १९१९ साली स्थापन झालेल्या जमियत उलेमा-ए-हिंदची महाराष्ट्र शाखा. गुलझार आझमी यांच्या नेतृत्वाखाली तिने वकील नेमले, खर्च सोसला, आणि ज्यांचे नाव घेण्यासही शेजारी धजत नव्हते त्यांच्यासाठी लोकापवाद पत्करला. बचावाचे वकील शाहिद आझमी, ज्यांनी तरुणपणी स्वतः तुरुंगवास भोगला होता, त्यांची ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यात त्यांच्या कचेरीतच हत्या झाली. गुलझार आझमी २०२३ मध्ये निवर्तले. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने बाराही जणांस निर्दोष ठरवले, तेव्हा त्या बारांतील एक जण तुरुंगवासातच मरण पावून चार वर्षे लोटली होती. कबुल्यांतील मजकूर ठिकठिकाणी एकसारखा असल्याचे आणि छळाच्या तक्रारीस वैद्यकीय कागदपत्रांचा आधार असल्याचे न्यायालयास आढळले. राज्य सरकारच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास मनाई केली, मात्र सुटलेल्यांस पुन्हा तुरुंगात धाडले नाही.

मला यातली सर्वांत दुःखद गोष्ट ही वाटते की, यातना देऊन मिळवलेली कबुली न्यायालयात टिकली नाही, तेव्हा स्फोटांत ज्यांचे आप्त गेले त्या कुटुंबांचा न्यायही तिच्याबरोबर बुडाला. इतक्या वर्षांनंतरही अपराधी कोण, हे त्यांना कोणीही सांगू शकत नाही.

धर्माचा स्वतःचा इतिहासही या बाबतीत निष्कलंक नाही. १५६० साली गोव्यात स्थापन झालेल्या इन्क्विझिशनने छळ हेही तपासाचे साधन मानले होते. म्हणूनच १९७४ साली फ्रान्समध्ये दोन प्रॉटेस्टंट स्त्रियांनी यातनानिर्मूलनासाठी ख्रिस्ती जनांची जी संघटना उभारली, तिचे मोल मोठे आहे, कारण पीडिताचा धर्म न पाहता साहाय्य करणे हे तिने आपले व्रत मानले. आपल्याकडे अजून प्रत्येकास आपल्याच माणसाचा आक्रोश ऐकू येतो. मालेगावच्या २००८ च्या बॉम्बस्फोट खटल्यात आरोपी असलेल्या साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर यांनीही कोठडीतील छळाची तक्रार केली होती. ती हिंदू संघटनांनी उचलली, जमियतने आपल्या अशिलांची, आणि दोन्ही बाजूंची तक्रार एकाच कोठडीविषयी आहे, हे कोणी मोठ्याने म्हटले नाही.

भारताने यातनाविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ साली स्वाक्षरी केली, पण त्यास अद्याप अंतिम संमती दिलेली नाही. लोकसभेने २०१० साली संमत केलेले यातनाप्रतिबंधक विधेयक राज्यसभेत अडकून व्यपगत झाले. चारकोप-कांदिवलीतील मंदिरांच्या विश्वस्तांनी, मशिदींच्या जमातींनी, चर्चच्या धर्मगुरूंनी आणि विहारांच्या उपासकांनी एकाच अर्जावर सह्या करून तो कायदा आपल्या खासदाराकडे मागावा, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.