परदेशीं गेलेल्या मुलाचें क्षेम

समुद्रपर्यटन कलिवर्ज्यांत येतें कीं नाहीं, आणि येत असल्यास परत आलेल्यास प्रायश्चित्त कोणतें द्यावें, या प्रश्नावर आमच्या पणजोबांच्या काळीं घरोघर वाद होत असत. तो वाद आतां मिटला. आज वरसे गांवासारख्या लहान ठिकाणांहूनहि मुलगा परमुलखीं निघाला, तर वडील माणसें मुहूर्त पाहतात, आई मेतकूट व लाडू बांधून देते, आणि शेजारीपाजारी पगाराचा आंकडा विचारतात. मात्र जो प्रश्न सर्वांत आधीं विचारावयाचा तो फार थोडीं माणसें विचारतात. आमच्या आळींत तो एका आजीबाईंनीं विचारला, आणि आम्हीं सर्वांनीं तो हंसण्यावारी नेला. त्याचें फळ काय झालें तें वाचकांस कळावें, म्हणून हा लेख.

वरसे हें रोह्याला लागून असलेलें गांव. जवळच धाटावची औद्योगिक वसाहत असून तेथें रासायनिक कारखाने पुष्कळ आहेत. इकडील मुलें शिक्षण संपवून तेथें कांहीं वर्षें अनुभव मिळवितात आणि मग दूरचीं क्षितिजें पाहूं लागतात. पश्चिम आफ्रिकेंत अशा अनुभवी माणसांस मागणी आहे. नायजेरियांत पोर्ट हारकोर्टजवळ एलेमे येथें खतांचे मोठे कारखाने आहेत. लागोसजवळ लेक्की भागांत प्रचंड तेलशुद्धीकरण कारखाना २०२४ सालीं चालू झाला. आमचा एक जुना विद्यार्थी त्याच देशांत, परंतु एका निराळ्या व लहान कारखान्यांत, नोकरीस लागला. निघण्यापूर्वीं तो नेमणुकीचें पत्र घेऊन नमस्कारास आला, तेव्हां त्याची आजीहि सोबत होती. पत्र वाचून झाल्यावर ती म्हणाली, "मास्तर, पगार कळला. पण पोर तिकडे आजारी पडलं, तर बघणार कोण, तें कुठें लिहिलंय?" पत्रांत एक ओळ होती: वैद्यकीय सोय नियमांप्रमाणें. आम्हीं ती वाचून दाखविली आणि म्हणालों, "आजी, सगळें आहे हो त्यांत." ते नियम कोणते, हें ना त्यानें विचारलें, ना आम्हीं.

दोन वर्षांनीं तो गणपतीसाठीं रजेवर घरीं आला. आठव्या दिवशीं ताप भरला. पावसाळ्याचे दिवस, अंगदुखी व ताप घरोघर होताच. दोन दिवस काढा व साध्या गोळ्या यांवर गेले. तिसऱ्या दिवशीं त्याची वाचा अडखळूं लागली, माणसें ओळखण्यांत चुकूं लागली. मग धांवपळ करून त्याला मोठ्या शहरांतील रुग्णालयांत नेलें. तेथील तरुण डॉक्टरांनीं पहिला प्रश्न केला, "हे कोठून आले आहेत?" उत्तर ऐकतांच रक्त तपासलें, तों फाल्सिपॅरम जातीचा हिवताप निघाला. ईश्वरकृपेनें व त्या डॉक्टरांच्या तत्परतेनें मुलगा वांचला.

येथें हिवतापाविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. हिवतापाचा जंतु डांसाच्या शरीरांत वाढतो हें रोनाल्ड रॉस यांनीं २० ऑगस्ट १८९७ रोजीं आपल्याच देशांत, सिकंदराबादेस पाहिलें. आणि १८९९ सालीं ते त्याच शोधाच्या पाठपुराव्यासाठीं पश्चिम आफ्रिकेंतील सिएरा लिओन येथें गेले. इतका जुना हा दोन भूमींचा संबंध! परंतु दोहोंकडील ताप सारखा नव्हे. आपल्याकडे व्हायव्हॅक्स ही तुलनेनें सौम्य जातहि पुष्कळ आढळते. पश्चिम आफ्रिकेंत बहुतेक सर्व हिवताप फाल्सिपॅरमचा, आणि तो थोड्या दिवसांत मेंदूपर्यंत पोंचूं शकतो. जगांतील हिवतापाच्या एकंदर रोग्यांपैकीं सुमारें चौथा हिस्सा एकट्या नायजेरियांत असतो. तेथील प्रौढ माणसास लहानपणापासून वारंवार ताप येऊन गेल्यामुळें अंशतः प्रतिकारशक्ति आलेली असते. आपल्या मुलास ती नसते. तिकडचे सोबती दोन दिवसांत बरे होऊन कामावर येतात, म्हणून यानेंहि तापाची पर्वा करूं नये हा तर्क फसवा आहे. शिवाय डांस चावल्यापासून ताप येईपर्यंत निदान आठवडा, कित्येकदां महिनेहि जातात. म्हणून त्या मुलखांतून परतलेल्या माणसास पुढील कांहीं महिन्यांत केव्हांहि ताप आला, तर त्याच दिवशीं रक्त तपासावें, आणि डॉक्टरांनीं विचारण्यापूर्वींच "हा पश्चिम आफ्रिकेंतून आला आहे" असें सांगावें. या एका वाक्यानें प्राण वांचतो.

दुसरा रोग पीतज्वर. याच्या लशीचा इतिहास वाचला म्हणजे मन नम्र होतें. १९२७ सालीं गोल्ड कोस्टमध्यें, म्हणजे आजच्या घानांत, असिबी नांवाच्या एका आफ्रिकी रोग्याच्या रक्तांतून या रोगाचा विषाणु मिळाला. त्याच वंशापासून पुढें मॅक्स थायलर यांनीं १९३७ सालीं लस सिद्ध केली. असिबी वांचला, पण त्या संशोधनांत एड्रियन स्टोक्स १९२७ सालीं लागोस येथें, आणि जपानी पंडित हिदेयो नोगुची १९२८ सालीं अक्रा येथें, पीतज्वरानेंच मरण पावले. ही लस जाण्यापूर्वीं निदान दहा दिवस आधीं घ्यावी लागते, कारण दाखला दहाव्या दिवसापासून ग्राह्य होतो; २०१६ पासून तो जन्मभर चालतो. आपल्या देशांत हा रोग नाहीं, परंतु तो पसरविणारे डांस आहेत. म्हणून दाखल्यावांचून तिकडून येणाऱ्यास आपलें सरकार सहा दिवसांपर्यंत अलग ठेवूं शकतें. ती पिवळी पुस्तिका पासपोर्टाइतकीच जपावी.

तेथील वैद्यक अगदींच मागासलेलें, असा ग्रह मात्र कोणी करून घेऊं नये. २०१४ सालीं इबोलाचा रोगी लागोसला उतरला, तेव्हां तेथील डॉ. अमेयो स्टेला अदादेवो यांनीं दडपणास न जुमानतां त्याला रुग्णालयाबाहेर जाऊं दिलें नाहीं. स्वतः त्या त्याच रोगानें गेल्या, पण दोन कोटींच्या घरांतील ती नगरी वांचली. नायजेरियांत एकंदर वीस रोगी व आठ मृत्यु एवढ्यावर सांथ आटोपली. असे धन्वंतरी तेथें आहेत. उणीव आहे ती पैशाच्या व्यवस्थेची. मोठ्या शहरांतील चांगलीं खासगी रुग्णालयें बहुधा आगाऊ रक्कम मागतात, आणि ती देणारा कोण हें रोग्यानें घरून निघतांना ठरवून ठेवलेलें असावें लागतें.

म्हणजे गोष्ट विम्यावर येते. आमच्या रोह्यास या बाबतींत अभिमान वाटावा असें कारण आहे. ज्यांचें बालपण रोह्यांत गेलें, आणि ज्यांनीं १९१२ सालीं मॅट्रिकला संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति मिळविली, ते चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असतांनाच १९५६ च्या जानेवारींत आयुर्विम्याचें राष्ट्रीयीकरण झालें. त्यांतून निघालेल्या महामंडळानें आपलें ब्रीद गीतेंतून घेतलें. त्यांत 'योगक्षेम' हा शब्द आहे. जें नाहीं तें मिळविणें म्हणजे योग, आणि जें मिळालें त्याचें रक्षण करणें म्हणजे क्षेम. आमचीं मुलें परदेशीं जातात तीं योगासाठीं. क्षेमाचा अर्धा शब्द मात्र घरीं विसरतात.

आमच्या विद्यार्थ्याचें असेंच झालें. कारखान्यानें दिलेला विमा तेथील पद्धतीचा होता. ठराविक रुग्णालयांची यादी, त्यांतच उपचार, आणि तेहि नायजेरियाच्या हद्दींत. इकडे घरच्या एकत्र विम्यांतून वडिलांनीं त्याचें नांव दोन वर्षांपूर्वींच काढलें होतें. "तो आतां कंपनीचा," असें म्हणून हप्ता वांचविला होता. मुलगा मायदेशीं, आपल्याच माजघरांत आजारी पडला, आणि त्रिशंकूसारखा दोन्ही विम्यांच्या मध्यें लोंबकळत राहिला. धाकट्या बहिणीच्या शिक्षणासाठीं ठेवलेली ठेव मोडून रुग्णालयाचें बिल भागवावें लागलें. आजी एक शब्द बोलली नाहीं. तेंच आम्हांस अधिक लागलें.

यावरून जें शिकलों तें वाचकांपुढें ठेवतों. पहिलें, विमा कोणकोणत्या देशांत चालतो हें लेखी विचारावें, आणि त्यांत रजेचे दिवस घालविण्याचा आपला देश आहे कीं नाहीं तें पाहावें. प्रवासाचा विमा ठराविक दिवसांचा असतो. इकडील मेडिक्लेम बहुधा इकडेच चालतो. एकावर दुसऱ्याचें काम सोंपवूं नये. घरच्या विम्यांतून नांव काढणें ही तर खोटी काटकसर. पुन्हां नांव घालतांना जुन्या आजारांची प्रतीक्षा-मुदत नव्यानें सुरू होऊं शकते. दुसरें, रोग तेथें आवांक्याबाहेर गेल्यास विमानानें हलविण्याचा खर्च त्यांत आहे काय, व त्यासाठीं पूर्वपरवानगी कोणाकडून घ्यावयाची, तें पाहावें. आणि अशुभ बोलूं नये हें खरें, तथापि मृतदेह परत आणण्याचें कलमहि डोळे मिटून ओलांडूं नये. तिसरें, रक्कम कोणत्या नाण्यांत आहे? जून २०२३ मध्यें एका डॉलरला सुमारें ४६० नायरा पडत. पुढील वर्षींच तो भाव दीड हजाराच्या आसपास गेला. नायऱ्यांत लिहिलेली मर्यादा कागदावर तीच राहिली, तिचें परकी चलनांतील मोल मात्र तिसऱ्या हिश्श्यावर आलें. चौथें, मधुमेह, रक्तदाब, जें असेल तें अर्जांत खरें लिहावें. लपविलेला रोग मागणीच्या वेळीं उघडा पडतो.

सरकार पाहून घेईल, असेंहि समजूं नये. नायजेरियानें २०२२ च्या कायद्यानें सर्व रहिवाशांस आरोग्यविमा सक्तीचा केला आहे. पण कायदा होणें निराळें आणि आपल्या मुलाच्या हातीं कार्ड पडणें निराळें. आपल्या सरकारची प्रवासी भारतीय विमा योजना आहे, ती मुख्यतः कमी शिकलेल्या मजुरांसाठीं व ठराविक देशांसाठीं. दहावी झालेल्यास त्या परवान्याचें बंधन नाहीं, म्हणून तो विमाहि सक्तीचा नाहीं. म्हणजे शिकलेल्यानें स्वतःची काळजी स्वतः घ्यावी, असें कायदा गृहीत धरतो. घरोघर पाहतां हें गृहीत कितपत बरोबर आहे?

एकत्र कुटुंब हा आपला जुना विमाच होता. एकाचें दुखणें दहाजणांनीं वांटून घ्यावें, हेंच त्याचें तत्त्व. समुद्रापलीकडे तो हात पोंचत नाहीं, म्हणून कागदाचा हात धरावा लागतो. त्यांत नात्याचा अपमान नाहीं.

मुलगा बरा होऊन पुन्हां कामावर गेला. या वेळीं निघण्यापूर्वीं विम्याचे दोन्ही कागद घेऊन तो आमच्या ओसरीवर बसला. एकेक कलम वाचलें, अडलें तेथें पत्र पाठवून खुलासा मागविला. आजी शेजारीं होतीच. सगळें संपल्यावर तिनें कागदांची प्रत मागून घेतली आणि घरच्या पेटींत, नातवाच्या जन्मपत्रिकेखालीं ठेवली. आम्हीं विचारलें, "आजी, खालीं कां?" ती म्हणाली, "पत्रिका वर असूं दे. पण आधार खालून लागतो, मास्तर."