पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन



नववी-दहावीच्या मुलांना संध्याकाळी रसायनशास्त्र शिकवताना एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो. तिसऱ्या कवचात १८ इलेक्ट्रॉन मावतात, मग पोटॅशियमचे संरूपण २, ८, ९ असे न लिहिता २, ८, ८, १ असे का लिहायचे? "पुस्तकात आहे, पाठ करा," असे उत्तर बहुधा मिळते. मूल पाठ करते, गुणही मिळतात. पण अकरावीला हाच प्रश्न एस, पी, डी, एफ अशी नवी नावे घेऊन समोर येतो आणि अनेकांचा धीर तिथे सुटतो. घरात विचारावे असे कोणी शिकलेले नसेल, तर अधिकच. म्हणून हा लेखप्रपंच.

सुरुवात मिठापासून करू. पनवेल-उरण-पेणच्या खाडीकाठाला मिठागरे नवी नाहीत. सोडियम हा पाण्याशी जोरात क्रिया करणारा धातू आणि क्लोरीन हा विषारी वायू. या दोहोंचे संयुग आपण रोज जेवणात घेतो. सोडियमच्या अणूत केंद्रकात ११ प्रोटॉन व १२ न्यूट्रॉन आणि बाहेर ११ इलेक्ट्रॉन असतात. केंद्रक अतिशय लहान. मानसरोवर स्टेशनच्या फलाटावर मधोमध मोहरीचा दाणा ठेवला आणि त्याला केंद्रक मानले, तर अणूची कड सुमारे ५० मीटरवर येईल. ट्रॉम्बे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झालेल्या 'अप्सरा' अणुभट्टीत युरेनियमची केंद्रके फोडली गेली. मीठ तयार होताना मात्र केंद्रकाला धक्काही लागत नाही. सारा व्यवहार बाहेरच्या इलेक्ट्रॉनांचा.

इलेक्ट्रॉन ठराविक ऊर्जेच्या पातळ्यांवरच राहतात, हे नील्स बोर यांनी १९१३ साली मांडले. पुस्तकातली वर्तुळे ही केवळ समजण्याची सोय. इलेक्ट्रॉन ग्रहांसारखे फिरत नसतात. सोडियमचे संरूपण २, ८, १. हे कोणी मनाने ठरवलेले नाही, ते मोजता येते. सोडियमचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या नऊपटींहून अधिक ऊर्जा दुसरा काढायला लागते. म्हणजे एक इलेक्ट्रॉन बाहेर सैल आहे आणि उरलेले दहा आत घट्ट. क्लोरीनचे संरूपण २, ८, ७. त्याला एक कमी. सोडियमचा एक तिकडे जातो आणि मीठ होते.

आता पोटॅशियम, अणुअंक १९. त्यालाही हीच कसोटी लावा. पहिला इलेक्ट्रॉन सहज निघतो, दुसऱ्याला सातपटींहून अधिक ऊर्जा लागते. शेवटच्या कवचात ९ असते तर अशी एकदम उडी दिसली नसती. तेव्हा एकोणिसावा एकटाच बाहेर आहे, हे प्रयोगानेच सिद्ध होते.

कारण असे, की तिसऱ्या कवचातल्या अठराही जागा सारख्या ऊर्जेच्या नाहीत. पहिल्या आठ खालच्या पातळीवर (एस व पी), उरलेल्या दहा (डी) बऱ्याच वर. पोटॅशियममध्ये त्या दहांपेक्षा चौथ्या कवचातल्या पहिल्या दोन जागा कमी ऊर्जेच्या ठरतात. एकोणिसावा इलेक्ट्रॉन तिथे जातो. विसाव्याचेही तेच, म्हणून कॅल्शियम २, ८, ८, २. त्यानंतर स्कँडियमपासून मागे राहिलेल्या दहा जागा भरू लागतात: स्कँडियम २, ८, ९, २, लोह २, ८, १४, २, जस्त २, ८, १८, २. "तिसऱ्यात १८" हा नियम खोटा नव्हता, त्या जागा उशिरा भरतात इतकेच.

ऊर्जेच्या पातळ्या डोळ्यांनी पाहायच्या असतील, तर मोठ्या माणसांसमोर गॅसच्या ज्योतीत मिठाची बारीक चिमूट टाका. ज्योत पिवळी होते. सोडियमचा तो सैल इलेक्ट्रॉन उष्णतेने वरच्या पातळीवर जातो आणि परतताना पिवळा प्रकाश देतो. एलईडी येण्यापूर्वी रस्तोरस्ती दिसणाऱ्या सोडियमच्या दिव्यांचा पिवळेपणा मुख्यतः त्याचाच.

जाता जाता, तांब्याचा अणुअंक २९. वरच्या क्रमाने २, ८, १७, २ यायला हवे, पण प्रत्यक्षात २, ८, १८, १ आहे. पूर्ण भरलेल्या दहा जागा अणूला अधिक स्थिर करतात, त्यामुळे चौथ्या कवचातला एक आत येतो. क्रोमियमचा अणुअंक २४. त्या दहा जागा निम्म्या भरल्या तरी असेच घडते, एवढे सांगून त्याचे संरूपण तुमच्यावर सोडतो.