घरातली मॉडेल रेल्वे : ८७ने काय भागायचे आणि काय नाही

घरात मांडलेल्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटमध्ये तीन गोष्टी एकत्र येतात : ठरावीक प्रमाणात लहान केलेली गाडी, तिला वाट आणि वीज दोन्ही देणारे रूळ, आणि त्या रुळांभोवती उभा केलेला मुलूख. या छंदात जगभर सर्वाधिक चालणारे प्रमाण म्हणजे एचओ, १:८७. खऱ्या गाडीचे ८७ सेंटिमीटर इथे एक सेंटिमीटर होतात. लेआउटविषयीचे बहुतेक गैरसमज या एका भागाकाराभोवती फिरतात. काही ठिकाणी तो करायला हवा आणि कोणी करत नाही. काही ठिकाणी तो लागूच होत नाही, तरी लागू धरला जातो.

स्केल आणि गेज

स्केल आणि गेज एकच, हा सर्वांत रुजलेला गैरसमज. स्केल म्हणजे मूळ वस्तू कितीपट लहान केली ते प्रमाण. गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर. एचओचे गेज १६.५ मिलिमीटर. त्याला ८७ने गुणले की १,४३५ मिलिमीटर येतात, म्हणजे युरोप-अमेरिकेतले स्टँडर्ड गेज. पण ब्रिटनमधले ओओ हे प्रमाण १:७६.२ असूनही त्याच १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर चालते. ब्रिटिश इंजिने मुळात अंगाने लहान. सुरुवातीच्या काळातल्या मोटारी १:८७च्या ब्रिटिश इंजिनात मावेनात, म्हणून इंजिन मोठे केले आणि रूळ तेच ठेवले. एन प्रमाणातही असाच प्रकार आहे. गेज सगळीकडे ९ मिलिमीटर, पण युरोप-अमेरिकेत १:१६०, ब्रिटनमध्ये १:१४८ आणि जपानमध्ये बहुतांशी १:१५०. म्हणून खोक्यावर नुसते ‘एन’ वाचून घेतलेली इमारत आणि गाडी शेजारी ठेवली की मेळ बसत नाही.

भारतीय गाड्यांची मॉडेल करणाऱ्याला हा फरक लगेच टोचतो. आपले ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर. ८७ने भागले तर १९.३ मिलिमीटर यायला हवेत. बाजारातल्या १६.५च्या रुळांवर उभे केलेले भारतीय इंजिन म्हणूनच रुळांच्या मानाने किंचित रुंद दिसते. ही उत्पादकाची चूक नसून जाणूनबुजून केलेली तडजोड आहे, आणि नवख्यासाठी ती योग्यच आहे. अचूक मापाचा हट्ट धरला तर प्रत्येक चाक, प्रत्येक सांधा हाताने घडवावा लागतो. गंमत अशी, की मुंबई, पुणे आणि नागपूरची मेट्रो १,४३५ मिलिमीटरवर धावते. तिचे एचओ मॉडेल बाजारातल्या रुळांवर मापाला तंतोतंत बसते.

जागा, वळणे आणि चढ

लेआउटला मोठी खोली लागते, असे म्हटले जाते. अख्खी एक्स्प्रेस हवी असेल तर हे खरे आहे. आजच्या भारतीय एक्स्प्रेसचा एलएचबी डबा साडेतेवीस मीटरचा, म्हणजे एचओमध्ये २७ सेंटिमीटर; चोवीस डब्यांची गाडी साडेसहा मीटर होईल. म्हणून घरच्या लेआउटवर चार-पाच डब्यांनी एक्स्प्रेसचा आभास निर्माण करतात. पण एक्स्प्रेस हाच रेल्वेचा एकमेव खेळ नव्हे. ब्रिटिश छंदिष्ट ॲलन राइट यांची ‘इंगलनुक सायडिंग्ज’ ही रचना याचे उत्तम उदाहरण. तीन सायडिंग : एकीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोघींत तीन-तीन. एकूण आठ वाघिणी, त्यांतल्या पाच चिठ्ठीने ठरलेल्या क्रमाने लावायच्या. असे क्रम ६,७२० होतात. छोट्या वाघिणी घेतल्या तर हे सारे कपाटाच्या माथ्यावर ठेवता येईल अशा फळीवर बसते आणि वर्षानुवर्षे पुरते. अमेरिकेत जॉन ॲलन यांचा ‘गॉर अँड डॅफेटिड’ हा तळघरभर पसरलेला लेआउट जगप्रसिद्ध झाला. त्याची सुरुवातही एका लहान टेबलाएवढ्या लेआउटने झाली होती, आणि तो पुढच्या मोठ्या लेआउटमध्ये सामावून घेतला गेला.

जागेचा खरा प्रश्न लांबीपेक्षा वळणाचा असतो. भारतीय ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र परवानगीचे वळण दहा अंशांचे, सुमारे १७५ मीटर त्रिज्येचे. ८७ने भागले तर दोन मीटर. म्हणजे गाडी फिरून माघारी आणायला चार मीटर रुंदी हवी. ट्रेन-सेटबरोबर येणारी वळणे ३६ ते ४४ सेंटिमीटर त्रिज्येची असतात. खऱ्या जगात ती ३१ ते ३८ मीटर झाली, जिथे एलएचबी डबा कधीच फिरू शकणार नाही. सेटमधला छोटा डबा तिथे सुखाने फिरतो, म्हणून लांब डबाही फिरेल असे वाटते आणि मग कपलिंग आडवे ओढून डबे रुळांवरून उतरतात. अनुभवाचा हिशेब असा, की त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या निदान तिप्पट असावी. एलएचबीसाठी ती ८१ सेंटिमीटर होते. एवढी जागा नसेल तर छोट्या वाघिणींची मालगाडी निवडावी किंवा एन प्रमाण. तिथे तोच डबा १५ सेंटिमीटरचा होतो आणि त्रिज्या ४५वर भागते. तीव्र वळण टाळता आलेच नाही, तर ते बोगद्यात लपवावे.

चढाच्या बाबतीत मात्र ८७चा भागाकार चालत नाही. चढ हे दोन लांब्यांचे गुणोत्तर आहे; दोन्ही सारख्याच लहान झाल्या तरी गुणोत्तर तेच राहते. कर्जतहून लोणावळ्याला चढणाऱ्या भोर घाटात चढ ३७ला १ आहे आणि तिथे गाडीला मागून बँकर इंजिने लावावी लागतात. तोच चढ लेआउटवरही कडकच असतो. आता हिशेब पाहा. एका रुळावरून दुसरा नेण्यासाठी एचओमध्ये सुमारे आठ सेंटिमीटर उंची लागते. भोर घाटाच्या चढाने ती गाठायला तीन मीटर, दोन टक्क्यांच्या सौम्य चढाने चार मीटर, आणि उतरायला पुन्हा तितकेच. आठ बाय चार फुटांच्या प्लायवर कडेने फिरणारा रूळ जेमतेम सहा मीटरचा भरतो, म्हणजे दोन टक्क्यांचा आठ मीटरचा चढउतार त्यात बसतच नाही. त्यात वळणावरचे घर्षण चढात भर घालते ते वेगळेच. यावर चांगला उपाय म्हणजे एक मार्ग चार सेंटिमीटर चढवायचा आणि दुसरा चार सेंटिमीटर उतरवायचा. दोघांचे ओझे वाटले जाते. चढाच्या पायथ्याशी आणि माथ्याशी रूळ हळूहळू वाकला पाहिजे. तिथे कोन राहिला तर इंजिनाची चाके अधांतरी होतात आणि वीज तुटते.

वेग आणि वजन

गाडी जोरात पळाली की चांगली चालली, ही समजूत मुलांपुरती मर्यादित नाही. ताशी ८० किलोमीटरला ८७ने भागले तर सेकंदाला साधारण २५ सेंटिमीटर येतात. पाच मीटरच्या फेरीला वीस सेकंद लागले पाहिजेत. घड्याळ लावून पाहिले, तर बहुतेक घरांतल्या गाड्या याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने फिरताना आढळतात. इंजिनाची खरी कसोटी वेगात नसून मुंगीच्या पावलाने न अडखळता निघण्यात आहे.

वजनाचा गैरसमज याच्या उलट आहे. हलका डबा इंजिनाला सोपा, म्हणून तो हलकाच बरा, असे मानतात. लांबी ८७पट कमी होते तेव्हा घनफळ ८७ × ८७ × ८७, म्हणजे ६,५८,५०३पट कमी होते. सुमारे ४० टनांचा, जुन्या बनावटीचा आयसीएफ डबा या हिशेबाने ६१ ग्रॅमचा होईल. एवढ्या वजनाचा डबा रुळांच्या जरा उंचसखल जोडावरही उसळतो. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची एचओसाठीची शिफारस आहे २८ ग्रॅम, आणि वर लांबीच्या दर सेंटिमीटरला साधारण ५.६ ग्रॅम. साडेचोवीस सेंटिमीटरच्या आयसीएफ डब्याला हे १६५ ग्रॅम भरते. वजन डब्याच्या तळाशी चिकटवावे. गाडीत एकच डबा हलका आणि मागचे सगळे जड असले, तर वळणावर तो हलका डबा दोरीसारखा आत ओढला जातो आणि पडतो. दोष मात्र इंजिनाच्या माथी मारला जातो.

पाया

जाड फळी म्हणजे मजबूत पाया, हेही खरे नाही. चौकटीशिवाय ठेवलेली जाड फळी जड होते आणि तरी मध्ये खचते. बारा मिलिमीटर प्लायखाली दर ४० सेंटिमीटरवर पट्ट्या मारलेली चौकट त्याहून हलकी आणि ताठ असते. कोकणात किंवा मुंबईत प्लाय घेताना एमआर आणि बीडब्ल्यूआर या प्रतींतला फरक पाहावा. पहिला नुसता दमटपणा सोसतो, दुसरा पाण्यात टिकणाऱ्या डिंकाने जोडलेला असतो. एमडीएफच्या कडा पावसाळ्यात फुगतात. रंग किंवा व्हार्निश दोन्ही बाजूंना द्यावे, कारण एकच बाजू बंद केली की फळी वाकते.

उन्हाने रूळ वाढून वाकडे होतात, अशी भीती असते. तीन मीटर रूळ वीस अंश तापला तर जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. काही जोडांत अर्ध्या मिलिमीटरच्या फटी ठेवल्या की भागते. रूळ वाकडे होण्यामागे बहुधा दमट हवेने हललेले लाकूड असते.

वीज

गाडी दूरच्या टोकाला मंदावते, तेव्हा मोठा ट्रान्सफॉर्मर आणायचा सल्ला सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे, आणि शॉर्टसर्किटच्या वेळी धोक्याचाही. मोटार हवी तेवढीच वीज ओढते. एचओचे आजचे इंजिन सहसा अर्ध्या अँपिअरच्या आत चालते. वीज हरवते ती रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या जॉइनरमध्ये. ते रुळांना ओळीत धरण्यासाठी असतात. गंज आणि धूळ साचली की विजेसाठी ते भरवशाचे राहत नाहीत. उपाय स्वस्त आहे : फळीखालून दीड स्क्वेअर एमएमच्या दोन मुख्य तारा न्यायच्या आणि दर मीटरभर अंतरावर, शक्य तर प्रत्येक रुळाला, बारीक तार डाक देऊन त्यांना जोडायची. ट्रान्सफॉर्मर मात्र तयार, प्रमाणित आणि सुस्थितीतलाच वापरावा. २३० व्होल्टच्या बाजूला घरगुती प्रयोगांना जागा नाही.

डीसीसी या डिजिटल पद्धतीविषयी दोन टोकांचे समज आहेत. साध्या डीसी पद्धतीत रुळांवरचा व्होल्टेज वाढवला की गाडी वेग घेते आणि ध्रुव उलटले की मागे फिरते. डीसीसीत रुळांवर कायम पूर्ण व्होल्टेज असते, त्यातूनच आज्ञा जातात आणि प्रत्येक इंजिनातला डीकोडर आपल्या क्रमांकाची आज्ञा ओळखतो. जर्मनीच्या लेंझ कंपनीच्या पद्धतीवर हे मानक उभे आहे. ‘डीसीसीला दोनच तारा पुरतात’ हे अर्धसत्य. दोन तारांनी गाडी हलेल, पण रुळांवर धातू आडवा पडला तर रुळांना वीज पुरवणारा बूस्टर क्षणात बंद होईलच असे नाही. त्यासाठी नाण्याची चाचणी करतात : बूस्टरपासून सर्वांत दूर दोन्ही रुळांवर नाणे आडवे ठेवायचे, बूस्टर लगेच बंद पडला नाही तर वायरिंग अपुरे आहे. दुसरे टोक म्हणजे डीसीसीशिवाय गंमत नाही. एका वेळी एकच इंजिन चालणाऱ्या फळीला साधी डीसी पुरेशी आहे.

गाडी वळून त्याच मार्गावर परतेल असा फाशासारखा लूप दोन रुळांच्या कोणत्याही पद्धतीत शॉर्टसर्किट करतो, कारण डावा रूळ फिरून उजव्याला भेटतो. तो भाग दोन्ही टोकांना तोडून त्याचे ध्रुव वेगळे बदलावे लागतात. मेर्क्लिन कंपनीच्या मधल्या संपर्कबिंदूंच्या तीन-वाहक रुळांत ही अडचण येत नाही.

सफाई, खडी आणि सुधारणा

‘निकेल सिल्व्हर’च्या रुळांत चांदी नसते. तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. आपल्याकडचे जर्मन सिल्व्हर तेच. काळवंडलेला रूळ काचकागदाने घासला की तात्पुरता उजळतो, पण ओरखड्यांत मळ अधिक धरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेले सुती फडके पुरते. खिडकी उघडी आणि वीज बंद ठेवून. चाकेही पुसावीत, नाहीतर तोच मळ ती तासाभरात रुळांवर परत पसरतात.

खडीच्या बाबतीत भागाकार पुन्हा उपयोगी पडतो. लोहमार्गावरचा ६५ मिलिमीटरचा दगड एचओमध्ये पाऊण मिलिमीटरचा होतो. मत्स्यालयाची तीन मिलिमीटरची रेती अंथरली तर तिचा प्रत्येक खडा मोजून २६ सेंटिमीटरचा धोंडा ठरतो. बारीक चाळणीने गाळलेली दगडाची भुकटी कोरडीच पसरावी, पाण्याचा फवारा मारावा आणि पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून तो ड्रॉपरने सोडावा. साबणाविना पाणी खडीवर मोत्यासारखे थांबते, आत मुरत नाही. सांध्याच्या हलत्या पात्यांपासून हे मिश्रण दूर ठेवावे.

सुधारणा म्हणजे जुने उखडून नवे मांडणे, असेही समजले जाते. चालत्या लेआउटमध्ये त्याची गरज क्वचितच पडते. गाडी जिथे उतरते तिथे खूण करावी. एकच डबा सगळीकडे उतरत असेल तर चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर मोजावे. एचओमध्ये ते सुमारे १४.४ मिलिमीटर असते. सगळे डबे एकाच ठिकाणी उतरत असतील तर तिथल्या जोडावरून नख फिरवावे. नख अडले की दोष सापडला. आधी जोड, मग तारा, मग चाके आणि वजने. नवे इंजिन या सगळ्यानंतर घ्यावे.