एकवीस दिवस, तीन टक्के आणि इतर अफवा

जानेवारी उजाडला की फोनवर दोन प्रकारचे संदेश येऊ लागतात. एकात संकल्पांची यादी असते, दुसऱ्यात संकल्प करणाऱ्यांची टवाळी. टवाळीत हमखास एक आकडा असतो : ९२ टक्के संकल्प मोडतात. त्याला बऱ्याचदा अमेरिकेतल्या स्क्रँटन विद्यापीठाचे नाव चिकटवलेले असते. गंमत अशी, की त्याच विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन नॉरक्रॉस यांचा २००२ सालचा अभ्यास वेगळेच सांगतो. त्यांनी दोन गट घेतले. एकाने नववर्षाचा संकल्प केला होता. दुसऱ्यालाही स्वतःत बदल हवा होता, पण संकल्प केलेला नव्हता. सहा महिन्यांनी पहिल्या गटातले ४६ टक्के लोक टिकून होते, दुसऱ्यातले ४ टक्के. हे लोकांनी स्वतःच स्वतःविषयी सांगितलेले, तेव्हा त्यातून थोडी बढाई वजा करायला हरकत नाही. पण एवढे अंतर काही नुसत्या बढाईने पडत नाही. त्यांच्याच आधीच्या एका पाहणीत पहिल्या आठवड्यानंतर ७७ टक्के आणि दोन वर्षांनंतर १९ टक्के लोक संकल्प पाळत होते. गळती आहेच, पण सगळेच गळतात हे खरे नाही. माझ्या मते गळतीला निर्धाराची कमतरता जेवढी कारणीभूत असते, त्याहून अधिक काही लाडक्या समजुती असतात.

‘एकवीस दिवस केले की सवय लागते’

ही समजूत मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या नावावर जमा आहे. नाकाची किंवा चेहऱ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला आरशातला नवा चेहरा आपला वाटायला साधारण तीन आठवडे लागतात, असे त्यांच्या पाहण्यात आले. १९६० साली आलेल्या ‘सायको-सायबरनेटिक्स’ या पुस्तकात त्यांनी ते नोंदवले, आणि तेही ‘किमान’ एकवीस दिवस असे. पुढे व्याख्याने देणाऱ्यांनी ‘किमान’ गाळले आणि चेहऱ्याच्या जागी पहाटेचे उठणे, व्यायाम, इंग्रजी बोलणे असे काय वाटेल ते बसवले.

प्रत्यक्ष मोजणी केली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. त्यांचा अभ्यास २००९ मध्ये आला. ९६ जणांनी प्रत्येकी एक साधी गोष्ट निवडली, जसे की रोज न्याहारीनंतर पेलाभर पाणी पिणे, आणि बारा आठवडे ती किती आपोआप घडते हे नोंदवले. सवय अंगवळणी पडायला मध्यम हिशेबाने ६६ दिवस लागले. पण खरी बातमी त्या ६६ मध्ये नाही, पसाऱ्यात आहे : कोणाला १८ दिवस, तर कोणासाठी अंदाज निघाला २५४ दिवसांचा. पाणी पिणे लवकर जमले, व्यायामाला बराच जास्त वेळ लागला. म्हणजे बाविसाव्या दिवशी अंथरुणातून उठवत नसेल तर बिघडलेले काहीच नाही. ‘मला सवयच लागत नाही’ हा निष्कर्ष मात्र तेव्हा हमखास काढला जातो.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. एखादा दिवस चुकला तरी सवय घडण्याच्या प्रक्रियेवर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. आपल्याकडे दुधाचा हिशेब असाच चालतो. दूध घेतले नाही त्या दिवशी कॅलेंडरवर खाडा मांडायचा, महिनाअखेरीला तेवढे पैसे वजा करायचे. एका खाड्यावरून कोणी रतीब बंद करत नाही. संकल्पाच्या बाबतीत आपण नेमका रतीबच बंद करतो. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी १९७५ साली हे प्रयोगात पाहिले : आहारावर सतत ताबा ठेवणाऱ्यांना आधी मिल्कशेक पाजला, तर नंतर त्यांनी आइस्क्रीम कमी नव्हे, जास्त खाल्ले. उपवास मोडलाच आहे तर आता वडापावही होऊन जाऊ दे, हे तर्कशास्त्र आपल्याला कोणी शिकवायला नको.

‘ध्येय लिहून ठेवणारे तीन टक्के’

१९५३ साली येल विद्यापीठातल्या फक्त ३ टक्के विद्यार्थ्यांनी आपली ध्येये लिहून ठेवली होती, आणि वीस वर्षांनी त्यांची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकूण संपत्तीहून अधिक भरली. ही गोष्ट विमा एजंटांच्या बैठकीपासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत कुठेही ऐकू येते. असा अभ्यास झालाच नाही. ‘फास्ट कंपनी’ या अमेरिकी मासिकाने १९९६ मध्ये त्याचा माग काढला, तेव्हा येलकडेही काही सापडले नाही. कधीकधी येलच्या जागी हार्वर्ड आणि १९७९ साल घातले जाते, एवढाच फरक.

लिहिण्याचा उपयोग नाही असे मात्र नाही. १३८ अभ्यास एकत्र तपासणारा एक आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसले, की आपण कुठवर आलो याची वरचेवर नोंद ठेवली तर ध्येय गाठण्याची शक्यता वाढते, आणि ती नोंद प्रत्यक्ष लिहून ठेवली तर आणखी. एक जानेवारीला नव्या डायरीच्या पहिल्या पानावर सुंदर अक्षरात लिहिलेले ध्येय वेगळे आणि रोज कॅलेंडरच्या चौकोनात केलेली खूण वेगळी. भर द्यायचा तो दुसऱ्यावर.

‘इच्छाशक्तीच कमी पडते’

इच्छाशक्ती वापरली की संपते, ही कल्पना रॉय बाउमायस्टर यांच्या १९९८ सालच्या प्रयोगाने गाजली. समोर बिस्किटे असताना मुळे खावे लागलेल्या विद्यार्थ्यांनी नंतरचे कोडे लवकर सोडून दिले होते. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून या कल्पनेची पुन्हा चाचणी घेतली तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. वाद अजून मिटलेला नाही, पण सगळे खापर इच्छाशक्तीवर फोडण्याइतका तो पुरावा भक्कम उरलेला नाही.

भक्कम पुरावा आहे तो एका कंटाळवाण्या गोष्टीच्या बाजूने. जर्मनीत पीटर गोलवित्झर आणि वेरोनिका ब्रांडश्टेटर यांनी विद्यार्थ्यांना सांगितले : नाताळच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ कशी गेली, हे पुढच्या ४८ तासांत लिहून पाठवा. निम्म्यांना इतकेच जास्त विचारले, की हे नेमके केव्हा आणि कुठे बसून लिहिणार? सणाच्या धांदलीतही त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थ्यांनी काम पुरे केले. बाकीच्यांपैकी सुमारे एक तृतीयांश.

आपल्या पूजेतला संकल्प आठवून पाहा. गुरुजी यजमानाकडून देश, संवत्सर, ऋतू, मास, तिथी, वार, गोत्र, नाव असे सगळे वदवून घेतात आणि मग पाणी सोडायला सांगतात. कुठे, केव्हा, कोण, यातले काहीही मोघम राहत नाही. चातुर्मासातल्या नेमाचेही तसेच : आषाढीला सुरुवात, कार्तिकीला शेवट, रोज काय करायचे ते ठरलेले आणि उद्यापनही ठरलेले. याउलट ‘यंदा तब्येतीकडे लक्ष द्यायचे’ यात ना वेळ, ना जागा. ‘सकाळचा चहा झाला की चपला घालून पहिल्या सिग्नलपर्यंत जाऊन यायचे’ हे वाक्य व्हॉट्सॲपच्या स्टेटसला शोभणार नाही, पण पायांना कळेल.

सोडायचे की धरायचे?

स्वीडनमधल्या १,०६६ जणांच्या अभ्यासात, जो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, काहीतरी नवे करण्याचा संकल्प केलेल्यांपैकी ५९ टक्के वर्षअखेरीला स्वतःला यशस्वी म्हणवत होते. काही टाळण्याचा संकल्प केलेल्यांपैकी ४७ टक्के. म्हणून ‘गोड बंद’पेक्षा ‘जेवणानंतर एक फळ’ बरे. तरी याला नियम करू नये. वारकऱ्याने गळ्यात माळ घातली की मांस-मद्य सुटते, आणि पुष्कळांचे कायमचे सुटते. तिथे नुसते सोडणे नसते. एकादशी, भजन, वारी आणि बरोबरची माणसे असे बरेच काही हाती येते.

राहता राहिला एक जानेवारीचा मुहूर्त. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ मध्ये दाखवले, की आठवड्याचा, महिन्याचा, सत्राचा पहिला दिवस किंवा वाढदिवस उलटला की जिममधली गर्दी वाढते. म्हणजे एक जानेवारी हुकली तरी सोमवार चालतो, पाडवाही चालतो. पण दाई यांनीच पुढे, २०१८ मध्ये, याची दुसरी बाजू मांडली. अमेरिकी बेसबॉलमध्ये खेळाडू दुसऱ्या लीगमध्ये गेला की त्याची त्या मोसमाची आकडेवारी शून्यापासून सुरू होते. आधी खराब खेळणारे त्यानंतर सुधारले. चांगले खेळणारे मात्र घसरले. तेव्हा दिवाळीपासून ज्यांचे चालणे सुरळीत सुरू आहे, त्यांनी एकतीस डिसेंबरच्या रात्री नवा तक्ता आखायला बसू नये.