सळईचं कवच, आण्णांचे हात

स्लॅब सुकला, असं आपण सहज म्हणतो. खरं तर काँक्रीट सुकून घट्ट होतच नाही. ते पाण्याखाली ठेवलं तरी घट्ट होतं, आणि जास्त चांगलं होतं. म्हणूनच स्लॅब पडल्याच्या दुसऱ्या दिवशी आमचे आण्णा त्यावर बांध घालून पाणी भरत, खांबांना गोणपाट गुंडाळत आणि सणाच्या दिवशीही आम्हा भावंडांना घेऊन साइटवर पाणी मारायला जात. आण्णा गवंडी होते. “सिमेंटला तहान असते,” एवढंच ते सांगत. त्या तहानेमागचं रसायन मला ते गेल्यानंतर कळलं, आणि अजूनही त्याचं नवल वाटतं.

आजच्या सिमेंटचा वंश एका गवंड्यापर्यंतच जातो. इंग्लंडमधल्या लीड्सचा जोसेफ ॲस्पडिन विटांचं बांधकाम करायचा. त्याने १८२४ साली ‘पोर्टलँड सिमेंट’चं पेटंट घेतलं. पुढे त्याचा मुलगा विल्यम याने ते आजच्या सिमेंटच्या बरंच जवळ आणलं.

चुनखडी आणि माती भट्टीत भाजून हे सिमेंट बनतं. पाणी मिळालं की त्यातली कॅल्शियमची संयुगं ते पाणी आपल्यात बांधून घेतात. त्यातून अतिसूक्ष्म तंतू उगवतात, एकमेकांत गुंततात आणि वाळू-खडीला जखडून टाकतात. ही क्रिया महिनोन् महिने चालते. काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी मोजायची असा प्रघात आहे, पण ओलावा मिळाला तर ती त्यानंतरही वाढतच राहते.

या क्रियेत आणखी एक पदार्थ तयार होतो: चुना. पानाला लावतात तोच. त्यामुळे ओलं काँक्रीट कमालीचं अल्कधर्मी असतं. शुद्ध पाण्याचा सामू ७, तर याचा साडेबारा-तेरा. यातली प्रत्येक पायरी दहापटीची, म्हणजे हा फरक लाखांच्या पटीतला. आपली त्वचा मात्र किंचित आम्लधर्मी असते. ओलं सिमेंट हाताला लागलं तर लगेच झोंबत नाही, ते हळूहळू खातं. आण्णांच्या बोटांच्या पेरांना बारमाही भेगा असत. रात्री खोबरेल तेल लावून झालं की त्याच बोटांनी ते आमच्या पेन्सिलींना टोक काढून देत. आम्ही लाकडावर तेलाचे डाग पडतात म्हणून कुरकुरायचो.

आता गंमत बघा. कातडी खाणारा हाच चुना लोखंडाला वाचवतो! इतक्या अल्कधर्मी भोवतालात सळईच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा एक पातळ पापुद्रा धरतो. त्याची जाडी काही नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या हिशेबात मोजावी अशी. तो शाबूत आहे तोवर सळई गंजत नाही. तो गेला की गंज फुगतो, कारण मूळ लोखंडापेक्षा त्याला कितीतरी जास्त जागा लागते. मग छताचे पोपडे पडतात. खाऱ्या हवेतल्या मुंबईला आणि कोकणाला हे वेगळं सांगायला नको.

खाऱ्या हवेखेरीज पापुद्र्याचा दुसरा शत्रू म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड. तो काँक्रीटमध्ये मुरतो आणि चुन्याचं पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट करतो. भट्टीत जाण्याआधी जी चुनखडी होती, तिच्याकडेच हा परतीचा प्रवास! तो डोळ्यांनीही दिसतो. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलीन फवारलं की जिथे चुना शाबूत आहे तिथे गडद गुलाबी रंग येतो. हवेने गाठलेला बाहेरचा थर बिनरंगी राहतो. ही सीमा जसजशी आत सरकते तसतसा तिचा वेग मंदावतो. ढोबळ हिशेब असा, की दुप्पट खोली गाठायला तिला चौपट काळ लागतो.

आण्णांचा एक हट्ट मला इथे समजला. स्लॅब भरण्याआधी ते सळ्यांच्या जाळीखाली वाकून वाकून पाहत. जाळी फळीला टेकलेली दिसली की काम थांबवून खाली सिमेंटचे छोटे ठोकळे सारत. त्यामुळे सळईखाली राहणाऱ्या काँक्रीटच्या थरालाच साइटवर ‘कव्हर’ म्हणतात. मालक घाई करत, बिगारी वैतागत. आण्णा मात्र ऐकत नसत. सळईखालचं अंतर १० मिलिमीटरऐवजी २० राहिलं, तर हवेला तिथवर पोचायला चौपट वर्षं लागतात. हे गणित त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. जुनी घरं पाडताना गंजलेल्या सळ्या कुठे सापडतात, हे मात्र त्यांनी पुरेपूर पाहिलं होतं.

सळईसाठी एवढा जीव टाकणाऱ्या माणसाने स्वतःच्या हातांना कसलंच कव्हर घातलं नाही. रबरी हातमोज्यांची जोडी सिमेंटच्या एका गोणीहून स्वस्त मिळते. तुमचं घर बांधायला निघालं, तर स्लॅबच्या आदल्या दिवशी जाळीखालचे ठोकळे जरूर तपासा, आणि काँक्रीट कालवणाऱ्यांना हातमोजे तुम्हीच आणून द्या.