एम.ए.चा ‘मायक्रो’ : घाबरू नका, तयारीनं जा

बी.ए.ला अर्थशास्त्रात चांगले गुण मिळवलेली मुलं-मुली एम.ए.च्या पहिल्याच सत्रात गोंधळून जातात. त्याचं एक मोठं कारण म्हणजे प्रगत सूक्ष्म अर्थशास्त्र, मुलांच्या भाषेत ‘मायक्रो’. काही जण शिक्षणच सोडतात आणि घरच्यांना वाटतं, डोकं कमी पडलं. पालकहो, डोकं नाही, तयारी कमी पडलेली असते.

बी.ए.ला व्याख्या आणि आकृत्या पाठ करून भागतं. शेवटच्या रुपयाचं समाधान प्रत्येक वस्तूवर सारखं मिळेल असा खर्च ग्राहक करतो, एवढं लिहिलं की गुण मिळतात. एम.ए.ला विचारतात : हे सिद्ध करा आणि कुठे लागू पडत नाही तेही सांगा. एखादी वस्तू ग्राहक घेतच नसेल, तर तिच्याबाबत हा नियम लागू पडेलच असं नाही. असा बारकावा गणिताशिवाय पकडता येत नाही.

पण हे गणित बाजाराबद्दलच बोलतं. जॉर्ज अकेरलॉफ यांचा 1970 चा गाजलेला लेख जुन्या मोटारींच्या बाजारावर आहे. त्यातला विचार आपण जुन्या स्कूटरवर पाहू. समजा, निम्म्या स्कूटर चांगल्या, गिऱ्हाइकाच्या लेखी 60 हजारांच्या. निम्म्या खराब, 20 हजारांच्या. कोणती कशी हे फक्त विकणाऱ्याला ठाऊक. गिऱ्हाईक सरासरी धरून 40 हजारच देईल. चांगल्या स्कूटरचा मालक 50 हजारांखाली विकायला तयार नाही. तो बाजारातून निघून जातो. उरतात फक्त खराब स्कूटर आणि भाव येतो 20 हजारांवर. मालातला दोष लपवू नये, हे आपण घरात लहानपणापासून ऐकतो. दोष लपवल्यानं गिऱ्हाइकाबरोबर प्रामाणिक विक्रेत्याचंही नुकसान कसं होतं, ते इथे हिशेबानं दिसतं. अकेरलॉफ यांना 2001 मध्ये स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

मग तयारी कशी करावी? प्रवेशाआधीचे दोन-तीन महिने गणिताला द्या. फलन, अवकलन, आंशिक अवकलन, लाग्रांज पद्धत आणि सारणी एवढं आधी पक्कं करा. सोबत हॅल व्हॅरियन यांचं पदवी पातळीचं पुस्तक वाचा. मास-कोलेल, व्हिन्स्टन आणि ग्रीन यांचा 1995 चा जाडजूड ग्रंथ पाहून दचकू नका. तो कादंबरीसारखा सलग वाचायचा नसतो. शिक्षक सांगतील ते प्रकरण घ्या आणि उदाहरणं वहीत स्वतः सोडवा. उत्तर वाचून समजलं, म्हणजे आपल्याला सोडवता आलं असं नव्हे. दोघं-तिघं मिळून बसा. ‘स्वयम्’वरचे व्हिडिओ-धडे मोफत पाहता येतात.

मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलात म्हणून बिचकू नका. या विषयातलं इंग्रजी मोजकं असतं आणि चिन्हं सगळ्यांना सारखीच.

एम.ए.नंतर नेट देऊन प्राध्यापक होता येतं. यूपीएससीच्या भारतीय आर्थिक सेवा परीक्षेला अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते आणि तिथेही मायक्रोचे प्रश्न असतात. म्हणून पहिल्या चाचणीत गुण कमी पडले, तर लगेच मुलीच्या लग्नाचा किंवा मुलाच्या नोकरीचा विषय काढू नका. एक सत्र धीर धरा आणि अभ्यासाला घरातला एक शांत कोपरा द्या.